बनावट पत्रे आणि खरा संपादक

बँकेतल्या माणसाला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच एक सवय लावली जाते. चेक पुढे आला की आकडा नंतर वाचायचा, आधी सही पाहायची. नमुना सहीचे कार्ड काढायचे, दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरायच्या आणि खात्री पटल्याखेरीज पैसे द्यायचे नाहीत. समोरचा माणूस ओळखीचा असो, घाईत असो, अगदी रडकुंडीला आलेला असो, सही जुळली पाहिजे. निवृत्तीनंतर मी सायखेड्याला गोदाकाठी येऊन राहिलो, कादंबऱ्या लिहिण्यात रमलो, तरी ही सवय काही सुटली नाही. कुणी कागद पुढे केला की माझी नजर आधी तळाशी जाते.

त्यामुळेच असेल कदाचित, पण गोपाळ गणेश आगरकरांच्या आयुष्यातले मला सर्वांत जवळचे वाटणारे प्रकरण कोल्हापूरचे आहे. सामाजिक सुधारणांसाठी झगडलेले आगरकर आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात. त्यांचा तुरुंगवास मात्र एका ओळीत उरकला जातो. मराठी वृत्तपत्रसृष्टीतल्या आरंभीच्या त्या मोठ्या खटल्याचा सारा डोलारा हस्ताक्षरावर उभा होता, आणि ते हस्ताक्षर खोटे निघाले.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभूचा. घरची परिस्थिती बेताची म्हणणेही सौम्य ठरेल. शिक्षणासाठी हा मुलगा कराड, रत्नागिरी, अकोला असा हिंडला. रत्नागिरीला तो पायी गेला. अकोल्याहून १८७५ साली मॅट्रिक झाला आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात दाखल झाला. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुऊन वाळत टाकायचा आणि सकाळी घालायचा, ही आठवण आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. एम.ए.च्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहून कळवले, की मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी धरील आणि सुखाचे दिवस दाखवील, अशी आशा तिने बाळगू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ तो लोकांसाठी खर्च करणार आहे. त्या माउलीने ते पत्र कुणाकडून तरी वाचून घेतले असेल आणि नंतर बराच वेळ ती काही बोलली नसेल, असे मला नेहमी वाटत आले आहे. घरादाराने आशा लावून बसावे असा तो एकच मुलगा होता, आणि त्याने ती आशा स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

डेक्कन कॉलेजात त्यांची आणि बाळ गंगाधर टिळकांची गाठ पडली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि वर्षभराने, जानेवारी १८८१ मध्ये, या मंडळींनी दोन वृत्तपत्रे सुरू केली. इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’. ‘मराठा’ टिळकांनी सांभाळला आणि ‘केसरी’चे संपादक झाले आगरकर. वय अवघे चोवीस.

काळ कसा होता तेही ध्यानात घ्यायला हवे. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा लिटनसाहेबाने १८७८ साली आणला होता. रिपनच्या कारकिर्दीत तो मागे घेतला गेला, पण बदनामीचे कलम दंडसंहितेत होतेच. शिवाय संस्थानांचा कारभार म्हणजे बंद दाराआडचा मामला. राजा अल्पवयीन, देखरेख इंग्रज अधिकाऱ्याची आणि प्रत्यक्ष सत्ता कारभाऱ्याच्या हातात. रयतेने विचारायचे कुणाला आणि उत्तर द्यायचे कुणी?

कोल्हापुरात नेमके हेच होते. राजाराम महाराज युरोपच्या प्रवासावरून परतताना १८७० साली फ्लॉरेन्सला वारले. त्यानंतर दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज तेव्हा लहान मुलगा होते. ते वयात येऊ लागले तसे त्यांना वेड लागल्याचे सांगितले जाऊ लागले. महाराजांच्या डोक्यावर खरोखर परिणाम झाला आहे, की त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरवले जात आहे? पुण्यापर्यंत कुजबुज पोहोचली होती. संशय कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर होता. तशातच बर्व्यांची म्हणून काही पत्रे पुण्याच्या मंडळींच्या हाती आली. ती खरी मानली, तर महाराजांविरुद्ध कट चालला असल्याचा तो लेखी पुरावाच होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी बर्व्यांवर कडाडून टीका केली.

बर्व्यांनी फिर्याद ठोकली. मग त्या पत्रांची छाननी झाली आणि ती बनावट ठरली.

इथे क्षणभर थांबून त्या दोन तरुणांच्या मनाचा विचार करावा. ज्या मुलासाठी त्यांनी लेखणी उचलली, तो तिकडे वाड्यात कोंडल्यासारखा आहे. त्याच्याविषयीची काळजी खरी आहे. पण हातातला कागद खोटा आहे. आता लढायचे कशाच्या बळावर? त्यांनी झाल्या गोष्टीबद्दल छापून दिलगिरी व्यक्त केली. बर्व्यांनी फिर्याद मागे घेतली नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांना तसा अधिकार होता. आगरकर-टिळकांविषयी कितीही आदर असला तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. न केलेल्या कटाचा आरोप ज्याच्यावर छापून येतो, त्या माणसालाही न्याय मागण्याचा हक्क असतो. वृत्तपत्राची बाजू लोकांची असली, म्हणून त्याचा प्रत्येक पुरावा आपोआप खरा होत नाही.

या खटल्यातली जामिनाची हकिगत मला फार मोलाची वाटते. जामीन दहा हजार रुपयांचा होता. १८८२ सालचे दहा हजार! शाळा चालवणाऱ्या, तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या या मास्तरांकडे ते कुठून असणार? तेव्हा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक समाजाचे रामशेठ बापूशेठ उरवणे जामीन राहिले. फुल्यांचे आणि या मंडळींचे विचार काही एका वाटेचे नव्हते. चिपळूणकरांनी तर ‘निबंधमाले’त फुल्यांची टिंगल केली होती. पण संपादकाने राजवाड्यातल्या कारभाराला जाब विचारला आणि म्हणून तो अडचणीत आला, एवढे फुल्यांना पुरेसे होते. कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही करताना भल्याभल्यांचे हात कसे थरथरतात, सख्खा भाऊ कसा नेमका त्याच दिवशी परगावी जातो, हे मी पस्तीस वर्षे पाहिले आहे. उरवण्यांनी सही केली ती नात्यासाठी नाही, जातीसाठी नाही, फायद्यासाठी तर मुळीच नाही. आपल्या समाजाच्या इतिहासात अशा सह्या थोड्या आहेत, म्हणून त्या जपून ठेवाव्यात.

मदत इतरांनीही केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी नाटक करून निधी जमवला. त्या नाटकात स्त्रीभूमिका करणाऱ्या एका मुलाचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. पुढे हाच मुलगा आगरकरांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, चिपळूणकर गेले. वय पुरते बत्तीसही नव्हते. शाळेचा आणि वृत्तपत्रांचा मुख्य आधार गेला, आणि उरलेल्या दोघांवर तुरुंगाची टांगती तलवार.

जुलै १८८२ मध्ये निकाल लागला. दोघांनाही चार महिन्यांची साधी कैद झाली आणि त्यांची रवानगी मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात झाली. चांगल्या वर्तणुकीबद्दल थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले. तुरुंगात भरले एकशे एक दिवस.

दोघेही एकाच कोठडीत होते. बाहेर पडल्यावर काय करायचे, कॉलेज कसे काढायचे, समाज आधी सुधारायचा की राज्य आधी मिळवायचे, यावर रात्ररात्र वाद चालत. आवाज इतके चढत की पहारेकऱ्याला येऊन गप्प करावे लागे, असे सांगतात. पुढे ज्या वादाने ही जोडी फुटली, त्याची तालीम डोंगरीत झाली म्हणायची. तुरुंगातले अन्न दोघांनाही मानवले नाही. वजने उतरली, टिळकांचे तर आगरकरांहूनही जास्त.

याच तुरुंगवासात आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचे काम हाती धरले होते. १८८३ साली ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला या योगायोगाचा मोह न पडता तरच नवल. हॅम्लेट कोण? ज्याला लोक वेडा समजतात असा राजपुत्र. राजवाड्यात कारस्थान आहे, विष आहे, जवळच्याच माणसांचा पहारा आहे. आणि हॅम्लेटपुढचा पहिला प्रश्न कोणता? बापाच्या पिशाच्चाने सांगितले ते खरे कशावरून! तो नुसत्या सांगण्यावर विसंबत नाही. दरबारात नाटक उभे करतो, चुलत्याचा चेहरा निरखतो, आणि मगच स्वतःची खात्री करून घेतो. कोल्हापूरच्या खोट्या पत्रांपायी कोठडीत आलेला संपादक हे प्रसंग मराठीत आणताना काय विचार करीत असेल? त्यांनी कुठे नोंदवले असो वा नसो, माझे मन तिथे रेंगाळते खरे.

सुटून आल्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशें एक दिवस’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले. मराठीतल्या अगदी पहिल्या तुरुंगवर्णनांपैकी हे एक. पुढे नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, आणि तुरुंग हे मराठी साहित्याचे एक घरच बनून गेले. पण आगरकरांचे पुस्तक या दोहोंपेक्षा निराळे आहे. त्याचा विषयच मुळी तुरुंग आहे. कोठडी कशी असते, जेवायला काय मिळते, पहारेकरी कसे वागतात, इतर कैद्यांचा दिवस कसा जातो, हे त्यांनी सांगितले आहे. आपण देशासाठी केवढा त्याग केला, असा सूर त्यात नाही. उलट स्वतःच्या फजितीवर हसण्याची तयारी आहे. भिंतीआड काय चालते ते बाहेरच्या करदात्याला कळलेच पाहिजे, ही जी आजच्या शोधपत्रकारितेची भूमिका, तिचा उगम मला या पुस्तकात दिसतो. आणि एक फरक लक्षात घ्या. कोल्हापूरच्या प्रकरणात आधार दुसऱ्याने आणून दिलेल्या कागदांचा होता. डोंगरीच्या पुस्तकात साक्षीदार स्वतः लेखक आहे. त्याने पाहिले, खाल्ले, सोसले, तेच लिहिले. ते कोण खोडून काढणार?

सुटकेनंतर सत्कार झाले. सत्यशोधक मंडळींनी मुंबईत केला, पुण्यानेही केला. पण कोल्हापूरची गोष्ट तिथे संपली नव्हती. चौथ्या शिवाजी महाराजांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी, त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन त्यांचा अंत झाला. वय विशीचे. त्यांच्यामागे कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा १८८४ साली दत्तक आला. तेच राजर्षी शाहू. ‘केसरी’ने दाखवलेला पुरावा खोटा होता हे न्यायालयात ठरले, आणि ‘केसरी’ला वाटलेली धास्ती अगदीच अनाठायी नव्हती हे नगरच्या किल्ल्यात दिसले. दोन्ही गोष्टी खऱ्या. मला वाटते, या प्रकरणाचे सगळे दुःख यात आहे. बनावट कागदाने बर्व्यांची बदनामी तर केलीच, पण त्याहून मोठे नुकसान त्या मुलाचे केले. पत्रे खोटी ठरल्यावर त्याच्या हालांबद्दल पुन्हा कोण विचारणार आणि विचारले तर कोण ऐकणार?

हे सगळे दीडशे वर्षांपूर्वीचे, आज त्याचे काय, असे कुणाला वाटेल. त्यांच्यासाठी आमच्या गावची एक साधी गोष्ट सांगतो. सायखेड्याला गोदावरी नवी नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ती बाजारपेठेत शिरली, चांदोरीकडचा पूल पाण्याखाली गेला, दुकानांतून माल वाहून गेला. पूर ओसरला की पंचनामे होतात, याद्या होतात, आणि यादीत कुणाचे नाव कसे आले आणि कुणाचे गळले, यावरून पारावर चर्चा झडतात. अशाच एका यादीची झेरॉक्स घेऊन एक तरुण वार्ताहर माझ्याकडे आला. बातमी मोठी होती. नावे स्फोटक होती. मी सवयीने तळाशी पाहिले. सही अर्धवट, शिक्का नाही, पानांना क्रमांक नाहीत. मी त्याला आगरकरांची गोष्ट सांगितली. तो नाराज होऊन गेला. मात्र त्याने माहितीच्या अधिकारात अर्ज केला, मूळ नोंदवही पाहिली, एकेका घरी जाऊन विचारले. दोन महिने गेले. बातमी आली तेव्हा ती पहिल्यापेक्षा लहान होती. झेरॉक्सवरची बरीच नावे मूळ वहीत नव्हतीच. पण जे छापले त्यातला एकही शब्द कुणाला नाकारता आला नाही, आणि गळालेल्या काही घरांची नावे यादीत आली.

आगरकरांच्या हाती माहितीचा अधिकार नव्हता. तो कायदा देशाला २००५ साली मिळाला. बंद दरबारातून जे कागद बाहेर येत, त्यांवर विसंबण्यावाचून त्या काळच्या संपादकाला फारसा मार्ग नव्हता. ज्यांना आज तो मार्ग आहे त्यांची जबाबदारी म्हणूनच मोठी. बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे. जुनी दंडसंहिता जाऊन जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी ते कलम कायम राहिले. आणि जामिनाचे म्हणाल, तर २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचा होता असे. त्यांतल्या कितीकांसाठी एखादा उरवणे पुढे आला असता तर ते घरी असते, हा प्रश्न वृत्तपत्रांनी विचारायचा नाही तर कुणी?

डोंगरीनंतर आगरकर तेरा वर्षेही जगले नाहीत. पण या वर्षांत त्यांनी जाब विचारण्याचा रोख बदलला. कारभाऱ्याला आणि साहेबाला प्रश्न विचारणे सोपे, टाळ्या मिळतात. आगरकरांनी ते प्रश्न आपल्या वाचकांना विचारले. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न का लावता? विधवेचे केस का काढता? मुलीला शाळेत का धाडत नाही? टिळकांशी मतभेद विकोपाला गेले आणि १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला. ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचे ‘सुधारक’ काढले. इंग्रजी बाजू गोखल्यांनी सांभाळली. लोक इतके चिडले की पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. सरकारच्या तुरुंगातून सुटल्यावर हार घालणारेच हात यात असतील का? असतील, नसतीलही. पण लोकांसाठी तुरुंगात जाणे एक वेळ परवडले, लोकांना नावडते सांगणे त्याहून महाग पडते, हे त्यांनी पुरते अनुभवले.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दमा जुनाच होता, तो बळावत गेला. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा एकोणचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. यशोदाबाईंना कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढाच हेतू. वर्षानुवर्षे विरोधात लिहिणाऱ्या टिळकांना त्यांच्यावरचा मृत्युलेख सांगताना रडू आवरले नाही.

डोंगरीच्या त्या तुरुंगाच्या जागी पुढे मुलांसाठी सरकारी बालगृह झाले. आगरकरांचे पुस्तक मात्र वाचनालयातून मिळते. भाषा जुनी आहे, पण अवघड नाही. संध्याकाळी मोठ्याने वाचले तर घरातली मुलेही हसतील. हसून झाले की त्यांना कोल्हापूरच्या त्या मुलाविषयीही सांगावे, आणि त्याच्यासाठी खोट्या कागदावर विसंबून लढलेल्या, त्याची शिक्षा निमूटपणे भोगलेल्या आणि पुढे आयुष्यभर डोळ्यांना दिसले तेच लिहिलेल्या संपादकाविषयीही.